उजव्या बाजूचा अर्धा पाटा

शुक्रवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, दुकान उघडायच्या वेळेआधीच, बसलिंगाप्पा पट्टणशेट्टी एका जुन्या फियाटखाली उताणे पडून मागच्या उजव्या चाकावरचा पाटा आवळणाऱ्या यू बोल्टचा शेवटचा नट सोडवत होते. अंगात खाकी शर्ट, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, उशाला गोणपाट. नट गंजला होता. त्यांनी पान्याला लांब पाइप अडकवला, एकदाच जोर दिला आणि नट करकरत सुटला. बाहेर उद्यमनगरात तेव्हा एकच लेथ सुरू झाली होती.

बसलिंगाप्पांचा धंदा पाट्यांचा. ट्रक, टेम्पो, उसाची ट्रॉली यांच्या चाकांवरचा भार धनुष्यासारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या तोलून धरतात. एकावर एक रचून बांधलेल्या या पट्ट्या म्हणजे पाटे. ओझ्यानं ते बसतात, कधी तुटतात. मग त्यांना ठोकून पुन्हा कमान देणारा माणूस लागतो. कोल्हापुरात हे काम करणारी दुकानं पूर्वी अकरा होती, आता तीन आहेत. नोव्हेंबरात ऊसतोड सुरू झाली की बसलिंगाप्पांच्या शेडसमोर ट्रॉल्यांची रांग लागते. त्या रांगेत फियाटचं काही काम नव्हतं.

"मालक, शिरोळच्या दोन ट्रॉल्या दारात हायत," पिराजी म्हणाला. पिराजी गेली अठ्ठावीस वर्षं या दुकानात घण मारतो. "आन तुम्ही ह्या खेळण्याखाली झोपलाय."

"झोपलोय व्हय? ये की हिकडं. धर खालनं."

दोघांनी मिळून पाट्यांचा गठ्ठा उतरवला आणि ओट्यावर ठेवला. मधला बोल्ट काढला तसे पाटे सुटे झाले. बसलिंगाप्पांनी ते एकेक करून मांडले. फियाटला कंपनीचे चार पाटे. इथं पाच निघाले. त्यांनी पाचवा उचलला, रॉकेलच्या फडक्यानं पुसला आणि उजेडात धरला. टोकाजवळ पंचनं मारलेली खूण होती : ब ९१.

स्वतः घडवलेल्या प्रत्येक पाट्यावर ते ही खूण मारतात. अक्षर आपलं, आकडा सालाचा.

"आयला, ह्यो तर आपलाच," पिराजी म्हणाला. "चौतीस वर्सं टिकला की."

"टिकायलाच घातलावता," बसलिंगाप्पा म्हणाले. "तीच तर चूक झाली."

गाडी आदल्या दिवशी संध्याकाळी आली होती. चालवत आणणारी मुलगी तिशी ओलांडलेली, शिरोलीच्या एका फाउंड्रीत दर्जा तपासणारी इंजिनिअर. तिनं नाव सांगितलं, अनुजा सरनोबत, आणि बसलिंगाप्पांनी तिच्याकडं न बघता आधी गाडीच्या नंबराकडं बघितलं.

"धैर्यशीलची तू?"

"हो. बाबा जाऊन चार वर्षं झाली."

"ठाऊक हाय. मयताला आलतो मी. रस्त्यावर हुबा हुतो."

अनुजानं बोनेट उघडून दाखवलं. आत फियाटचं इंजिन नव्हतं. तिनं दोन वर्षं खपून भंगारातल्या कॉन्टेसाचं अठराशे सीसीचं इंजिन बसवलं होतं. चौदा डिसेंबरला पाव मैलाच्या सरळ धावेची शर्यत होती आणि तिला त्यात उतरायचं होतं. पण गाडी रोजचीही हवी होती. दर महिन्याला ती आईला, माईंना, याच गाडीतून नरसोबाच्या वाडीला नेत असे. माईंची पाठ दुखरी. दुसऱ्या गाड्यांत त्यांना बसवत नसे, फियाटची मागची बैठक मात्र त्यांच्या सवयीची होती.

अडचण मागच्या चाकांची होती. इंजिन ताकदीचं झालं आणि जुने पाटे त्याला पुरेनात. क्लच सोडला की मागचा ॲक्सल, म्हणजे चाकांचा आस, जागेवर पीळ खायचा, पाटे नागमोडी वाकायचे, परत उसळायचे आणि चाकं पुढं जायच्याऐवजी जमिनीवर नाचायची. अनुजानं वहीत दोन मार्ग काढून आणले होते. एकात ॲक्सलला शिडीसारखे दोन लांब दांडे. ते सरळ धावेला उत्तम, पण वळणावर गाडी आवळून धरतात, म्हणून तिनं त्यावर काट मारली होती. दुसऱ्यात पाटे काढूनच टाकायचे, त्यांच्या जागी गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि ॲक्सल धरायला चार दांडे. पुण्याचं एक वर्कशॉप ते बसवून देणार होतं. सोमवारची तारीख ठरली होती.

"मंग माझ्याकडं कशाला आलीस?"

"त्यासाठी गाडीची मागची जमीन कापावी लागते. बैठक जाते." तिनं वही मिटली. "माई म्हणाली, कापायच्या आधी एकदा बसलिंगाप्पांना दाखव."

बसलिंगाप्पांनी शांतपणे पान लावलं. मग म्हणाले, "रविवारपतुर वेळ हाय न्हवं? किल्ली ठेव."

पाचव्या पाट्याची ती चूक काय होती ते समजायला एक्क्याण्णव सालात जावं लागतं.

बसलिंगाप्पा मूळचे कुरुंदवाडचे. वडिलांचं भुसाराचं दुकान, घरात कानडी, बाजारात मराठी. सोळाव्या वर्षी त्यांना तराजूचा कंटाळा आला आणि ते शिरोळला पाटे घडवणाऱ्या आण्णांच्या भट्टीवर जाऊन बसले. आण्णांनी त्यांना पाटा तापवायला, तेलात विझवायला आणि वाजवून ओळखायला शिकवलं. चांगला पाटा हातोडीखाली घंटेसारखा वाजतो, चिरलेला मडक्यासारखा. आणि एक नियम शिकवला. डावीकडं जे कराल तेच उजवीकडं. आण्णांच्या भट्टीतून एकदा एक ट्रॉली उजवा पाटा जड, डावा हलका अशी बाहेर पडली होती. शिरटीच्या वळणावर ती उसासकट कलंडली आणि गाडीवान खाली सापडला. तेव्हापासून आण्णा रोज म्हणायचे, "जोडीत फरक केलास तर हात तोडीन." बसलिंगाप्पांनी उद्यमनगरात स्वतःची शेड टाकली त्र्याऐंशी साली. नियम सोबत आणला.

तेव्हाचं उद्यमनगर वेगळं होतं. पहाटेपासून ऑइल इंजिनं चाचणीला लावलेली असत आणि त्यांच्या ठोक्यावर माणसं घड्याळं लावत. रविवारी कारखाने बंद, पण गॅरेजांची दारं अर्धी उघडी. आठवड्याला सहा-सात फियाट पाट्यांसाठी यायच्या. डॉक्टरांची, वकिलांची, टॅक्सीवाल्यांची. धैर्यशील सरनोबत पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होता आणि रविवारी पहाटे सहाला किटलीत चहा घेऊन हजर व्हायचा. वयानं दोघं बरोबरीचे. धैर्यशील कार्ब्युरेटर उघडायचा, बसलिंगाप्पा पाटे. दुपारी शांतादेवी, बसलिंगाप्पांची बायको, शेंगाची चटणी आणि भाकरी पाठवायची. धैर्यशील निम्मी चटणी एकटा खायचा आणि वर निरोप द्यायचा, "वहिनींना सांग, मीठ जरा जास्त झालंय."

एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत एका मोटार क्लबनं कागलच्या पुढं माळावर सरळ धावेची शर्यत भरवली. धैर्यशीलनं इंजिन घासून-पुसून तयार केलं. चाचणीत गाडी सुटताना उडी मारू लागली. तो येऊन म्हणाला, "अप्पा, उजवीकडं उडतंय. फक्त उजवीकडं."

बसलिंगाप्पांनी ट्रॉलीला लावतात तेच औषध लावलं. पाटा कमी पडतोय, तर एक चढवा. त्यांनी दोन्ही बाजूंना एकेक जाड पाटा चढवला. धैर्यशील पुन्हा म्हणाला, "मी उजवीकडं म्हणतोय." त्यावर बसलिंगाप्पा म्हणाले, "जोडीत फरक करत न्हाय मी. तुला पाहिजे तर दुसरीकडं जा."

शर्यतीत फियाट सुटली ती बेडकासारखी. दीड-दोनशे माणसं हसली. कुणीतरी ओरडलं, "पावणं, गाडी हाय का रेडा?" धैर्यशील उतरला, गाडीभोवती एक फेरी मारली, दार लावलं आणि निघून गेला. पुढच्या रविवारी किटली आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बसलिंगाप्पा म्हणत राहिले, येईल की. चूक मापाची होती, पाटा फार जाड पडला होता, हे त्यांना आठवडाभरात कळलं होतं. पण ते सांगायला जायचं तर मंगळवार पेठेत धैर्यशीलच्या घरी चालत दहा मिनिटांत पोचता आलं असतं, आणि ते गेले नाहीत.

आता, या शुक्रवारी आणि शनिवारी, शिरोळच्या ट्रॉल्या दारातच थांबल्या. बसलिंगाप्पांनी दोन्ही बाजूंचे पाचवे पाटे बाजूला काढले. राहिलेल्या चारांना थंडच ठोकून कमान दिली. पिराजी घण मारायचा, ते पाटा एकेक बोट सरकवायचे. दोन्ही कमानी पावणेचार इंच भरल्या. मग त्यांनी ॲक्सलच्या पुढच्या निम्म्या भागात पाटे दोन-दोन क्लिपांनी घट्ट आवळले आणि मागचा निम्मा भाग मोकळा ठेवला. पुढचा भाग एकजीव झाला की दांड्याचं काम करतो, ॲक्सलला पीळ खाऊ देत नाही. मागचा मोकळा भाग खड्डे गिळतो. जमीन कापायची गरज नाही.

शनिवारी संध्याकाळी अनुजा माईंना घेऊन आली. सत्तरीच्या माई मागं डावीकडं बसल्या. उद्यमनगराला एक चक्कर मारून गाडी परत आली. माई उतरल्या नाहीत. काच खाली करून म्हणाल्या, "काय केलंत हो? पलंगावर बसल्यासारखं वाटतंय."

"पाचवा पाटा काढला, वहिनी. मी चढवल्याला."

"म्हणजे चौतीस वर्षं माझी पाठ तुम्ही मोडलीत?"

पिराजीनं तोंड फिरवलं. बसलिंगाप्पा म्हणाले, "काढून टाकायचा की मंग. कुणीबी काढला असता."

"मी दहादा म्हटलं यांना. म्हणायचे, बसलिंगाप्पानं चढवलाय, तोच येऊन काढेल." माईंनी काच वर करायला सुरुवात केली आणि थांबवली. "तुम्ही काही आला नाहीत."

 बसलिंगाप्पांनी वाकून उगाच टायरची हवा बघितली.

रविवारी सकाळी सातला चाचणी. उचगावच्या पलीकडं एक बंद सूतगिरणी आहे. तिच्या आवारात मालट्रकसाठी केलेला तीनशे मीटरचा काँक्रीटचा रस्ता आहे आणि वॉचमन अनुजाच्या ओळखीचा. अनुजानं काचेला वेळ मोजायचं छोटं यंत्र चिकटवलं. "शेवटचा वेग नंतर बघू," ती म्हणाली. "पहिले साठ फूट महत्त्वाचे. गाडी सुटतानाच सगळं ठरतं."

तिनं हेल्मेट चढवलं. इंजिन गुरगुरलं, क्लच सुटला आणि बसलिंगाप्पांना तोच आवाज ऐकू आला. धाडधाडधाड. आधीपेक्षा कमी, पण तोच. गाडी चाळीस-पन्नास फूट नाचली आणि मग धावली.

अनुजा परत आली. हेल्मेट काढून यंत्राकडं बघितलं. "साठ फुटांना तीन पूर्णांक एक सेकंद. आधी तीन पूर्णांक चार होतं." ती खाली उतरली. "अप्पा, फरक पडलाय. पण एवढ्यावर शर्यतीत उतरता येणार नाही. तुम्ही केलंत ते खूप झालं. उद्या पुण्याला पाठवते."

बसलिंगाप्पा तिथं नव्हते. ते रस्त्यावर पुढं जाऊन उकिडवे बसले होते. काँक्रीटवर टायरच्या काळ्या रेघा उमटल्या होत्या. डावी रेघ सलग होती. उजवी तुटक. त्यांनी बोट ठेवत मोजलं. सात तुकडे.

अप्पा, उजवीकडं उडतंय. फक्त उजवीकडं.

"पोरी, हिकडं ये," त्यांनी हाक मारली. "हे असं का हुतं? तू शिकल्याली हाईस, सांग."

अनुजा शेजारी बसली. "इंजिनाकडून येणारा दांडा फिरतो ना, तो ॲक्सललाही त्याच अंगानं फिरवायला बघतो. डावं चाक दाबलं जातं, उजवं हलकं होतं. पुण्याच्या रचनेत ते दोन्हीकडं वेगवेगळं आवळून जुळवता येतं. पाट्यात कसं जमणार? तुमची तर जोडी सारखी."

"तुझ्या बापाला हे ठाऊक हुतं?"

"बाबा पुस्तकातून शिकले नव्हते. पण गाडीत बसलेल्याला कळतं, कुठलं चाक सुटतंय ते."

बसलिंगाप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले. "वाजलं किती?"

"साडेसात."

"अकरापतुर थांब. मंग कुठं न्यायची तिकडं ने."

दुकानात परतल्यावर त्यांनी ओट्याखालून उजवीकडचा जुना पाटा काढला, ब ९१ वाला. हातोडीनं वाजवला. अजून घंटेसारखा वाजत होता. खडूनं मधल्या भोकाच्या बोटभर मागं रेघ ओढली आणि ग्राइंडर पिराजीच्या हातात दिला.

"काप. पानी मारत काप, तापू दिऊ नगंस."

"निम्मा?" पिराजी बघतच राहिला. "आन डावीकडचा?"

"डावीकडं काय न्हाय."

"मालक, एकाच अंगाला?" अठ्ठावीस वर्षांत असं काम त्यानं बघितलं नव्हतं. गेल्या साली एका ट्रॉलीवाल्यानं एकच पाटा बदलून मागितला म्हणून बसलिंगाप्पांनी त्याला दारातून परत पाठवला होता. "आण्णा असतं तर हात तोडलं असतं."

"आण्णांनी ट्रॉलीचं सांगितलंवतं. हिच्यात ऊस हाय व्हय? काप गप."

पाटा कापायला वीस मिनिटं लागली. त्यातली भोकाकडची, खूण असलेली बाजू बसलिंगाप्पांनी घेतली. कडा घासून गोल केल्या, बाकीच्या पाट्यांच्या कमानीला जुळवली आणि उजवीकडच्या गठ्ठ्यात फक्त पुढच्या निम्म्या भागात सरकवली. मधला बोल्ट, यू बोल्ट, दोन क्लिपा. मागचा भाग होता तसाच मोकळा. सुटताना हलकं पडणारं उजवं चाक हा तुकडा जमिनीवर दाबून धरणार होता. गाडी खाली सोडली तेव्हा उजवं अंग बोटभर वर दिसत होतं. पिराजीनं लांबून एक डोळा मिटून बघितलं आणि मान हलवली.

"तिरकी हाय."

"हुबी असताना तिरकी. सुटताना बघू."

आवळताना बसलिंगाप्पांना आठवलं, धैर्यशील नेहमी याच बाजूला उकिडवा बसायचा. चहाचा कप मडगार्डवर ठेवायचा आणि तो सांडायचा. मडगार्डवर तेव्हाचा गोल डाग आता नव्हता. मध्ये दोनदा रंग दिला गेला होता.

अकरा वाजून वीस मिनिटांनी गाडी पुन्हा त्याच रस्त्यावर उभी राहिली. या वेळी माईही आल्या होत्या. वॉचमननं त्यांना खुर्ची दिली होती. पिराजी ट्रॉल्या सोडून आला होता. त्याला हाकलावं असं बसलिंगाप्पांना वाटून गेलं. त्यांनी गाडीकडं पाठ केली.

"बघत नाही का तुम्ही?" माईंनी विचारलं.

"ऐकतो की. बघून काय कळतंय?"

क्लच सुटला. टायर एकदा किंचाळले. धाडधाड झालंच नाही. गाडी मागच्या चाकांवर जड बसली आणि सरळ निघून गेली. गिअर बदलल्याचा आवाज लांबून आला.

बसलिंगाप्पा वळले आणि रस्त्यावर जाऊन बसले. दोन रेघा होत्या. डावी सलग, उजवीही सलग. उजवी जरा फिकट. त्यांनी खिशातून टेप काढला आणि दोन्ही मोजल्या. डावी तेवीस फूट, उजवी साडेबावीस.

अनुजा परत आली तेव्हा हसत नव्हती. ती यंत्राकडं पुन्हा पुन्हा बघत होती. "दोन पूर्णांक सहा."

"आन पुण्याचं किती दील?"

"दोन पूर्णांक चार. नीट जुळवलं तर." तिनं मागच्या बैठकीकडं बघितलं, मग खुर्चीत बसलेल्या आईकडं. बसलिंगाप्पांनी टेप गुंडाळायला घेतला. तो अर्ध्यात अडकला. त्यांनी तो हळूहळू बोटांनी आत ढकलला, पण नजर तिच्यावरच होती.

"दोन दशांशासाठी जमीन कापायची नाही," अनुजा म्हणाली. फोन काढला, तिथंच उभ्या उभ्या पुण्याला लावला. "नमस्कार. सरनोबत बोलतेय, फियाट. उद्याचं रद्द करा. नाही, पुढची तारीख नको. मागचे पाटेच ठेवतेय."

माई खुर्चीतून उठल्या, गाडीशी आल्या आणि वाकून उजव्या चाकामागं बघू लागल्या.

"काय बघताय, वहिनी?"

"ही बाजू वर दिसतेय."

"त्याच पाचव्याचा निम्मा पाटा हाय तितं. तुम्ही डावीकडं बसा, म्हंजे लागायचा न्हाय."

"मी कायम डावीकडंच बसते," माई म्हणाल्या. "उजवीकडं यांचं पाण्याचं कॅन असायचं." मग कंबर सरळ करत, "चटणी अजून करते का हो शांतादेवी?"

"करती. मीठ कमी घालती आता. डॉक्टरनं सांगितलंय."

पिराजीनं हत्यारं पोत्यात भरली. अनुजानं विचारलं, अजून काही करायचं राहिलंय का. बसलिंगाप्पांनी तिला एकच गोष्ट सांगितली. नवे बसवलेले पाटे पहिल्या ओझ्याला बसतात आणि यू बोल्ट सैल पडतात. ते परत आवळल्याशिवाय क्लच तसा सोडायचा नाही. आज माईंना घेऊन वाडीला जाऊन यायचं, सावकाश. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर होतात, तेवढं पुरे. उद्या सकाळी दुकान उघडताच गाडी परत आणायची.

शिरोळच्या दोन ट्रॉल्या अजून शेडसमोर आहेत. उद्या, सोमवारी, दुकान नेहमीप्रमाणं साडेसातला उघडेल. ट्रॉल्यांचं काम आठला सुरू होईल, दोन्ही बाजू सारख्या मापाच्या. त्याआधी, उघडल्या उघडल्या, फियाटच्या यू बोल्टचे आठ नट आवळायचे आहेत, चार डावीकडचे, चार उजवीकडचे.